विहिरीचे आकडे जुळले म्हणजे मॉडेल बरोबर असं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचं उत्पादन वाढलं, घटलं अशा बातम्या पेपरात येतात पण पुढचा अंदाज बांधतात कसा यावर मराठीत फारसं कुणी लिहित नाही, म्हणून हे पत्र. खडकातलं तेल, पाणी, गॅस कसं सरकेल ते कॉम्प्युटरवर खडकाचं मॉडेल बनवून, फ्लो सिम्युलेशन (म्हणजे प्रवाहाची नक्कल) करून काढतात, आणि विहिरीतनं खरंच निघालेलं तेल-पाणी, प्रेशर त्याच्याशी जुळलं की मॉडेल पास. माझा आक्षेप इथंच आहे. विहिरी मोजक्या असतात आणि खडकाचे कितीतरी वेगवेगळे नकाशे घेऊन तेच आकडे जुळवता येतात. आमच्या खानापूर भागात एका बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्या शेतात नुसती धूळ निघते, मधलं कोण सांगणार?

मधलं सांगतं ते सिस्मिक, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून आतला खडक बघायचा सर्व्हे. सिम्युलेटर खडकाचे छोटे चौकोनी तुकडे म्हणजे सेल पाडतो, त्यातल्या प्रत्येक सेलमधलं प्रेशर, पाणी-तेलाचं प्रमाण घ्यायचं, रॉक फिजिक्सनं (खडकाच्या गुणधर्मांचं शास्त्र), म्हणजे शास्त्रज्ञ गासमानच्या १९५१च्या समीकरणानं लहरींचा वेग काढायचा, त्यावरून कृत्रिम सिस्मिक बनवायचं आणि काही वर्षांनी परत केलेल्या खऱ्या सर्व्हेशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर मॉडेलमधली परमिएबिलिटी (खडकातनं द्रव किती सहज जातो ते), फॉल्ट (खडकातले तडे, जिथं थर सरकलेत) तपासायचे.

हे सोपं नाही बरं का. तेलाच्या जागी पाणी आलं की वेग वाढतो, पण विहिरीतनं खडकात पाणी दाबून प्रेशर वाढवलं की खडक मऊ पडून वेग कमी होतो, म्हणजे दोन्ही बदल एकमेकांना खाऊन टाकतात आणि सर्व्हेत काहीच झालं नाही असं वाटतं! एस-लहरींना (कणांना आडवं हलवत जाणाऱ्या लहरी) पाणी-तेलाचा फारसा फरक पडत नाही, प्रेशरचा पडतो, म्हणून त्या सोबत हव्यातच. शिवाय गासमान छिद्रं एकमेकांना जोडलेली धरतो, मुंबई हायच्या चुनखडकात छिद्रं नाना तऱ्हेची, तिथं हे समीकरण डोळे झाकून वापरू नये.

बेळगावच्या कॉलेजांना कळकळीची विनंती आहे. सिव्हिलच्या लॅबमधे काँक्रीट तपासायचं अल्ट्रासॉनिक मशीन असतं, त्यावर आपला जांभा आणि गोकाककडचा घट्ट वालुकाश्म, कोरडा आणि भिजवलेला, यांतला लहरींचा वेग पोरांना मोजू द्या. कॉम्प्युटरच्या पोरांना ओपीएम फ्लो हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नॉर्वेच्या नॉर्न तेलक्षेत्राचं मॉडेलपण त्यासोबत खुलं आहे. भूगर्भ, सिव्हिल आणि कॉम्प्युटर, तिघांनी मिळून एकच प्रोजेक्ट घ्यावा, वेगवेगळे नको.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)