उत्तरार्ध रेंगाळतो, पण का?

मा. संपादक,

मराठी विनोदी चित्रपटांच्या परीक्षणात 'पूर्वार्ध धमाल, उत्तरार्ध रेंगाळतो' हे वाक्य ठरलेलेच. का रेंगाळतो, हे मात्र कोणी लिहीत नाही. बहुतेक वेळा पूर्वार्धात नुसत्या गमती असतात आणि गोष्टीला गाठच बसलेली नसते. मग मध्यंतरानंतर सोडवायचे काय? अशा वेळी आजारपण, बापाचे अश्रू किंवा सामाजिक संदेश मदतीला येतो.

'अशी ही बनवाबनवी' (1988) घ्या. संवाद सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे लेखक वसंत सबनीसांच्या बांधणीकडे लक्ष जात नाही. कल्पना 1966च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून घेतलेली, पण इथे ती पक्की मुरली आहे. जागा जोडप्यांनाच मिळणार, ही घरमालकिणीची एकच अट. ती पाळायला चार मित्रांपैकी दोघांना साडी नेसावी लागते. एकदा 'लग्न' झाले म्हटल्यावर चौघांचीही खरी प्रेमप्रकरणे अडतात. साडीतल्या एकाचे, म्हणजे 'पार्वती'चे, डोहाळजेवण निघते तेही त्याच थापेच्या पोटातून. थाप पचली की तिची किंमत वाढते, म्हणून उत्तरार्धाला वेगळे इंधन लागत नाही. 'वाळवी'चे (2023) गणितही हेच आहे, फक्त तिथे साडीऐवजी प्रेत आहे.

आजच्या बऱ्याच विनोदी चित्रपटांवर टीव्हीवरच्या स्किटची छाप दिसते. स्किटमध्ये दर दोन वाक्यांना हशा हवा असतो आणि प्रसंग संपला की हिशेब मिटतो. दोन तासांच्या चित्रपटात तसे चालत नाही. संकलनही घाईचे असते. थाप मारणारा आणि फसणारा एकाच चौकटीत दिसले तर हसू येते. सतत एकेकाचा क्लोजअप दाखवला तर ती मजा तुटते. विनोदी वाक्यानंतर श्वासभर थांबावे लागते, नाहीतर पुढचे वाक्य हशात बुडते. तो अवकाश हल्ली 'टॉइंग' आवाजाने भरतात. प्रेक्षकाला कुठे हसायचे ते कळते हो!

कौटुंबिक चित्रपटांत 'व्हेंटिलेटर' (2016) मला उजवा वाटतो. एक वृद्ध अत्यवस्थ आहे आणि गणपती तोंडावर आले आहेत. नातेवाइकांना काळजी त्यांच्या जिवाची आहे तशी सुतकाचीही. रुग्णालयातल्या त्या गर्दीत विनोद आणि दुःख एकाच बाकावर बसतात, त्यामुळे बाप-मुलाचा अबोला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'बाईपण भारी देवा' (2023) तुफान चालला आणि सहा बहिणींचे आपसातले टोमणे अस्सलही आहेत. पण प्रत्येकीला एकेक दुःख वाटून दिले आहे आणि मंगळागौरीच्या स्पर्धेत सगळ्यांचा निकाल एकदमच लागतो. त्या मानाने 'माहेरची साडी' (1991) प्रामाणिक म्हणायचा. रडवायचेच हे त्याने लपवले नाही.

आपल्या परीक्षकांना एवढीच विनंती : तारे द्या अथवा देऊ नका, पण मध्यंतराला गोष्ट कुठे येऊन थांबली होती आणि शेवट तिथूनच निघाला की बाहेरून आणला, हे दोन ओळींत जरूर लिहा. तिकीट काढायचे की नाही, ते आम्ही ठरवू.

– एक चित्रपट रसिक, पुणे