घरशाळेला घाई कशाची?

महोदय,
रविवार पुरवणीतील घरशाळेवरचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्यावरचा लेख वाचला. मुलांचा दिनक्रम रोज इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्या पालकांचे त्यात कौतुक आहे. आक्षेप नेमका त्यालाच. शाळेतली चढाओढ नको म्हणून मूल घरी शिकवायचे आणि दुसऱ्याचे चार वर्षांचे पोर रीलमध्ये पाढे म्हणते म्हणून आपल्या मुलीला वेठीस धरायचे, हा कुठला न्याय? तराजूत डाळ तोलण्यात रमलेल्या मुलीला ‘इकडे बघ, पुन्हा एकदा कर’ म्हटले, की तिचा गणिताचा तास तिथेच संपला!

खरे तर व्यवस्थाच पुरेशी सवड देते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) दहावीसाठी वयाच्या चौदाव्या वर्षापासून नाव नोंदवता येते. नोंदणी पाच वर्षे चालते, तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. पालकांनी एकमेकांना पुस्तके, उपक्रम जरूर सुचवावेत. त्यासाठी मुलांना कॅमेऱ्यापुढे उभे करावे लागत नाही. लेखात परीक्षांचा हा भाग दोन ओळींत उरकला आहे. नवख्या पालकांना खरी गरज त्याच माहितीची असते.

– एक पालक, सांगली