पन्नाशीतली शंभर मीटर

कोलंबिया, मिसूरी
जुलै अखेर

प्रिय बंड्या,

फोटो बघून लगेच विचारलंस, 'हे पदक कुठल्या मुंजीत वाटत होते?' आता ऐक सगळं.

आमच्या गावात दर उन्हाळ्यात 'शो-मी स्टेट गेम्स' भरतात, १९८५ पासून. जून-जुलैच्या शनिवार-रविवारी राज्यभरातली हौशी माणसं येतात आणि खेळून जातात. असल्या राज्यस्तरीय खेळांची सुरुवात न्यूयॉर्कने १९७८ साली सिराक्यूजला केली. त्यांचे खेळ पुढे पैशांपायी बंद पडले, पण तोवर बाकीच्या राज्यांनी कल्पना उचलली होती.

मला भावलं ते एवढंच, की इथे निवड नाही. फी भरायची, वय सांगायचं, छातीवर नंबर लावायचा. आपल्याला आठवतंय ना, सर रांगेतून बोट दाखवत जायचे आणि उरलेले टाळ्या वाजवायला? त्यातूनही जे वाचले त्यांचे बूट दहावीच्या वर्षी माळ्यावर गेले. इथे पोहणं, धावणं, नेमबाजी तर आहेच, पण फळीच्या भोकात पिशव्या टाकायच्या खेळालाही पदक. (कबड्डी नाही. मी चौकशी केली.)

धावण्यात पाच-पाच वर्षांचे गट. आमच्या आधी ऐंशीच्या पुढच्या एक बाई होत्या. त्यांनी कानातलं यंत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं, रेषेवर उभ्या राहिल्या आणि मान वळवून स्टार्टरच्या पिस्तुलाकडे बघत राहिल्या. बार ऐकू येणार नव्हता ना! धूर दिसला आणि निघाल्या. त्या गटात दुसरं कुणी नव्हतंच, तरी शेवटचे दहा मीटर दात-ओठ खाऊन धावल्या. पोचल्यावर पहिला प्रश्न, 'वेळ किती?'

मग आम्ही. ऊन असं दमट की मे महिन्यातलं चिपळूण आठवावं. आमच्या गटात चौघं, मी तिसरा. चौथ्याची पोटरी साठ मीटरवर धरली, हे तुला सांगायला नको होतं. पदकं जरा सढळ हाताने वाटतात हे मलाही पटत नाही. दोघंच धावले तर दोघांनाही गळ्यात! पण गंमत पुढे आहे. पदकवाल्यांना 'स्टेट गेम्स ऑफ अमेरिका'त उतरता येतं. ते १९९९ साली सेंट लुईसला सुरू झाले, वर्षाआड भरतात. म्हणजे तुझा मित्र आता राष्ट्रीय पातळीवर, कागदोपत्री का होईना.

तू सातारा हिल मॅरेथॉनचं दरवर्षी म्हणतोस आणि पावसाचं निमित्त काढतोस. पुढच्या जूनमध्ये लेकीकडे येणारच आहेस तर चार दिवस इकडे ये. नाव नोंदवायला इथला रहिवासी असावं लागतं का ते बघून कळवतो. वहिनींना विचार, त्यांचा गोळा कॉलेजात बराच लांब जायचा म्हणे.

आईंना नमस्कार.

तुझा,
मन्या