थॅडियस स्टीव्हन्स यांच्याविषयीही लिहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा अब्राहम लिंकन यांच्यापाशी येऊन थांबते. त्या मुक्तीला कायद्याचे बळ मिळावे म्हणून प्रतिनिधिगृहात अखेरपर्यंत झुंजलेले थॅडियस स्टीव्हन्स मात्र अनेकांना ठाऊक नसतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

१७९२ मध्ये व्हरमाँट राज्यात जन्मलेल्या स्टीव्हन्स यांचा एक पाय जन्मतःच अधू होता. वडील घर सोडून गेले आणि आईने कष्ट उपसून मुलाला शिकवले. पुढे ते पेनसिल्व्हेनियात वकील झाले. १८३४ मध्ये तेथे मोफत शाळांचा कायदा झाला, पण कर भरावा लागणार म्हणून वर्षभरातच तो रद्द करण्याचा घाट घातला गेला आणि राज्याच्या सिनेटने त्याला मंजुरीही दिली. पूर्वी फुकट शिक्षणासाठी पालकांना स्वतःला गरीब म्हणवून घ्यावे लागे. ती पद्धत म्हणजे गरिबांवर डाग उमटवणारा कायदा आहे, असे स्टीव्हन्स यांनी कनिष्ठ सभागृहात ठणकावून सांगितले आणि शाळा वाचल्या. पुढे संसदेत, दक्षिणेतील राज्यांनी बंड केल्याने पेटलेल्या यादवी युद्धाच्या खर्चाची तरतूद करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, तर गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या आणि मुक्त झालेल्यांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी झटणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

मला त्यांचे सर्वांत मोठेपण वाटते ते जमिनीच्या प्रश्नात. नुसत्या कागदावरच्या स्वातंत्र्याने पोट भरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. दक्षिणेतील बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला ४० एकर द्यावेत, असे विधेयक त्यांनी १८६७ मध्ये मांडले, पण स्वपक्षीयांनीही त्यांना साथ दिली नाही. ते विधेयक बारगळले आणि पुढे लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे बटाईच्या शेतीत कर्जाने जखडली गेली.

११ ऑगस्ट १८६८ रोजी ते वारले. इतर दफनभूमींत वर्णभेद पाळला जातो म्हणून त्यांनी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर शहरातील सर्व वर्णांना खुली असलेली साधी दफनभूमी स्वतःसाठी निवडली होती आणि हे कारण आपल्या थडग्यावर कोरवून घेतले.

१८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या लोकांत स्टीव्हन्स यांची गणना करावीच लागेल. आपल्या पुरवणीत त्यांच्या जमीनविषयक विधेयकावर एखाद्या अभ्यासकाकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक