वक्तृत्व स्पर्धांत टाळ्यांबरोबर प्रश्नही हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती येते, आणि त्या दिवसापासून सोलापुरातील शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धांचा जो हंगाम सुरू होतो, तो गणेशोत्सव, सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीचा आपल्या शहराचा हुतात्मा दिन असे टप्पे घेत १४ एप्रिलपर्यंत चालतो. मराठीची शिक्षिका म्हणून नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही अशा अनेक स्पर्धांचे परीक्षण माझ्याकडे आले. त्यातून झालेले माझे मत आपल्या पत्राद्वारे पालक, शिक्षक आणि संयोजक यांच्यापुढे ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे. टाळी कशी घ्यावी हे आपण मुलांना उत्तम शिकवतो. समोरच्या माणसाचे मत बदलण्यासाठी काय करावे लागते आणि तसे करण्याचा अधिकार वक्त्याला कशाने मिळतो, हे मात्र शिकवायचे राहून जाते.

परीक्षकांच्या हाती येणाऱ्या गुणतक्त्यात उच्चार, आवाजातील चढउतार, हावभाव, पाठांतर, आत्मविश्वास आणि वेळेचे भान यांचे रकाने असतात. ‘विषयाची मांडणी’ हा रकानाही असतो, परंतु आरंभी चारोळी, मध्ये डोळ्यांत पाणी आणणारा एखादा प्रसंग आणि शेवटी घोषणा, यालाच मांडणी समजण्याचा प्रघात पडला आहे. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ यानंतर येणारे परिच्छेदच्या परिच्छेद दोन वेगळ्या शाळांतील मुलांच्या तोंडी शब्दशः सारखे ऐकू येतात, कारण दोन्ही भाषणे मोबाइलवर एकाच ठिकाणाहून उतरवून घेतलेली असतात. यात मुलांचा दोष नाही. ज्याला गुण मिळतात तेच मूल करते.

शहरातील एका स्पर्धेत पूर्व भागातील एक मुलगी मुलींच्या शिक्षणावर बोलली. तिची आई विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे हातात पडत नाहीत, असे तिने सांगितले. पान भिजवणे आणि कापणे यांत घरातील मुलींचाही हात लागतो, म्हणून फी माफ झाली तरी अभ्यासाला वेळ उरत नाही. मुलींना शाळेत टिकवायचे असेल तर शाळा सुटल्यावर दोन तास बसण्याची जागा आणि घरच्या कामाला पर्याय द्यावा लागेल, अशी तिची मांडणी होती. तिने एक विधान केले, त्याचे कारण दिले, कारणासाठी स्वतः पाहिलेला दाखला दिला आणि मागणी नेमकी ठेवली. परंतु तिच्या मराठीत तेलुगूचा हेल होता आणि एक-दोन ठिकाणी शब्दांचे लिंग चुकले होते. उच्चाराच्या रकान्यात तिचे गुण गेले. पहिले पारितोषिक स्त्रीशक्तीवर गर्जना करणाऱ्या भाषणाला मिळाले, ज्यात एकही गोष्ट अशी नव्हती की जी ऐकून कोणी उद्या काही वेगळे करील. मी परीक्षकांच्या बैठकीत हरकत घेतली आणि ती बहुमताने फेटाळली गेली. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, तेथे घरची बोली मराठी नसलेल्या मुलाच्या विचाराला उच्चाराच्या खाली दाबणे मला अन्यायाचे वाटते.

भाषेचे अलंकार फेकून द्या, असे मात्र मी सुचवीत नाही. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथाच्या आरंभीच्या ओळी पाहाव्यात. ‘विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली, नीतीविना गति गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ प्रत्येक वाक्याचे टोक पुढच्या वाक्याचे मूळ होते. संस्कृत साहित्यशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. पहिल्या दोन कड्या ऐकल्या की तिसरी कडी ऐकणारा मनातच जोडू लागतो, आणि एकदा त्याने ती जोडली की शेवटचा निष्कर्ष त्याला परका राहत नाही. ‘गेली’ या क्रियापदाचा पुन्हा पुन्हा पडणारा घाव, ‘खचले’ या शब्दावर बदललेली चाल, आणि मग एकाच ओळीत सगळ्याचे खापर अविद्येवर फोडणे, ही रचना निरक्षर माणसालाही एकदा ऐकून पाठ व्हावी अशीच बांधली आहे. आता या कड्यांना कोणी प्रश्न विचारू शकतो: नीती गेली की गती का जाते? फुले तो प्रश्न टाळत नाहीत. सरकारी खात्यांत शेतकरी कसा नाडला जातो, गोऱ्या अधिकाऱ्यांना त्याची खबर का लागत नाही, त्याच्या घरात खायला आणि नेसायला काय उरले आहे, याचे तपशील ग्रंथभर येतात. पहिल्या सहा ओळींनी जी हुंडी लिहिली, ती पुढच्या प्रकरणांनी वटवली आहे. स्पर्धेतील मुले त्या सहा ओळी सुरेख म्हणतात. त्यापुढे एकही तपशील देत नाहीत.

भाषणात गोष्ट कोठे सांगावी, याचे शहाणपण आपल्या कीर्तनात आहे. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग येतो. अभंग घेतात, त्याचा अर्थ लावतात, शंका काढून त्यांचे निरसन करतात; आणि बुक्का लावून झाल्यावर उत्तररंगात आख्यान लागते. ज्या तत्त्वाला बुद्धीने आधी मान डोलावली, तेच तत्त्व आख्यानात माणसाच्या रूपाने भेटते आणि मग डोळे भरतात. आजच्या भाषणांत हा क्रम उलटा झाला आहे. रडवणारी गोष्ट आरंभीच येते आणि पूर्वरंग पुढे येतच नाही. भरल्या डोळ्यांनी ऐकणारा माणूस मग जे सांगाल ते मान्य करतो. गाडगे महाराजांची रीत तर आणखी निराळी होती. ते श्रोत्यांना साध्या बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत, त्यावर पुढचा प्रश्न विचारीत. पशुबळी, कर्ज काढून केलेले सण, दारू यांविरुद्धचा निष्कर्ष गावकऱ्यांच्याच तोंडून बाहेर पडे, आणि स्वतः दिलेले उत्तर नाकारणे कोणालाही जड जाते.

शाळेत आपण उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती शिकवतो, परंतु कवितेच्या दोन ओळी देऊन ‘अलंकार ओळखा’ म्हणून गुण देण्यापुरतेच. तीच अतिशयोक्ती जाहिरातीत असते, तेच रूपक प्रचारसभेत असते, हे त्या तासाला कोणी सांगत नाही. १८९७ साली ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले, तेव्हा तो प्रश्न उत्तर मिळावे म्हणून विचारलेला नव्हता, उत्तर वाचकाच्या ओठांवर ठेवलेले होते. शिवराम महादेव परांजपे यांनी आपल्या ‘काळ’ या साप्ताहिकातून राजद्रोहाच्या कायद्याच्या छायेत स्तुतीच्या आवरणाखाली निंदा केली आणि १९०८ साली त्याची किंमत तुरुंगात मोजली. ही उदाहरणे नववी-दहावीच्या मुलांना सहज समजतील, आणि ती समजली की उद्या त्यांना कोणी प्रश्नाच्या रूपात आरोप केला किंवा स्तुतीच्या रूपात टोमणा मारला, तर तो त्यांना ओळखता येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनात तर या विद्येचे दोन वेगळे प्रकार दिसतात. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली: एकेक जात हा एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. ही उपमा सजावटीसाठी आलेली नाही. ‘लायक माणूस वर का जात नाही?’ या आक्षेपाचे उत्तरच तिच्यात आहे, कारण शिडी नसलेल्या इमारतीत लायकीचा उपयोग होत नाही. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा विरोध समोरासमोर उभा केला आणि हे विसंगत जीवन आपण किती काळ जगणार, असे विचारले. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेविषयी इशारा दिला: धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणात भक्ती हा अधःपतनाचा आणि अंती हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. दोन सारख्या बांधणीची वाक्ये शेजारी ठेवण्याची ही युक्ती एरवी वक्ते टाळीसाठी वापरतात. बाबासाहेबांनी ती श्रोत्यांना सावध करण्यासाठी वापरली, आणि स्वतःवर अपार श्रद्धा असलेल्या लोकांचा नेता असताना वापरली. १४ एप्रिलच्या स्पर्धांत हा उतारा जितक्या वेळा यायला हवा तितका तो येत नाही, याचे मला वाईट वाटते.

१२ जानेवारीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तो दिवस आपल्या शहराचा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी देण्यात आले. मुलांची भाषणे फासाच्या दोरापासून सुरू होतात आणि तेथेच संपतात. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा का आला, गांधीजींच्या अटकेनंतर शहरात काय घडले, झेंडा मिरवणे गुन्हा कसा ठरला, चौघांवर आरोप कोणता होता आणि खटला कसा चालला, याचा उल्लेख विरळा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या मुलांना एवढे तरी सांगता यायला हवे. कुर्बान हुसेन पत्रकार होते, शब्द हेच त्यांचे साधन होते; त्यांच्यावरील भाषणात ते काय लिहीत होते, हा प्रश्न वक्त्याला पडू नये, हे मला पटत नाही. हौतात्म्य ऐकून अंगावर काटा येणे स्वाभाविक आहे आणि यावाही, परंतु त्यामागची कारणे कळली की तोच काटा विचारापर्यंत पोहोचतो.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मन वळवण्याची तीन साधने सांगितली: वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची भावना आणि युक्तिवाद. यातील पहिले साधन आपल्या संतांनी ओळीतच बांधून ठेवले आहे. ‘तुका म्हणे’ म्हणजे जे सांगितले त्याची जबाबदारी माझी, असा जाहीरनामाच आहे. ज्यांच्या नावाने आपली गड्ड्याची यात्रा भरते, त्या सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांतही ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी मुद्रा, म्हणजे आराध्याच्या नावाची सही, शेवटी येते. बोलणारा आपल्या आराध्याला साक्ष ठेवून बोलतो. दुसऱ्याचे भाषण पाठ करून म्हणणाऱ्या मुलाला अशी मुद्रा उमटवता येत नाही, कारण त्या शब्दांच्या मागे उभे राहण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही.

ती वेळ यावी, यासाठी माझी मुख्य सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक भाषणानंतर दोन मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. पहिला प्रश्न परीक्षकाने आणि दुसरा श्रोत्यांतील विद्यार्थ्याने विचारावा, आणि उत्तराला पाठांतराइतके तरी गुण असावेत. यावर ‘मुले घाबरतील’ असा आक्षेप मी ऐकला आहे. प्रश्न कसा विचारायचा हे शिकवले तर ती घाबरणार नाहीत, असा माझा वर्गातला अनुभव आहे. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राने, यासाठी फार जुना भेद करून ठेवला आहे: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी कोणतेही साधन चालते तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची ती वितंडा. दूरचित्रवाणीवरील चर्चांत मुले रोज शेवटचे दोन प्रकार पाहतात. पहिला प्रकार त्यांना शाळेतच पाहायला मिळाला पाहिजे. वेळ पुरत नाही, हा दुसरा आक्षेप खरा आहे, त्यासाठी प्रत्येक शाळेतून एकाऐवजी दोन-दोन स्पर्धक घेण्याचा आग्रह सोडावा आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आखडते घ्यावे. उच्चाराचे गुण कमी करून दाखल्यांचे गुण वाढवावेत. विषय आदल्या दिवशी न देता तासभर आधी द्यावा आणि ग्रंथालयात बसून टिपणे काढू द्यावीत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी संस्था असलेल्या शहरात हे अवघड नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. स्पर्धेच्या निकालाच्या बातमीत विजेत्यांची नावे आणि चषकासह छायाचित्र छापले जाते, त्याबरोबर पहिल्या क्रमांकाच्या भाषणातील मुख्य मुद्दा आणि त्यासाठी दिलेला आधार दोन-तीन ओळींत छापावा. संयोजकांनी तो बातमीसोबत लिहून पाठवावा, अशी अट आपण घातलीत, तर परीक्षकांनाही तो शोधून लिहावा लागेल. या ऑगस्टपासून ही सुरुवात व्हावी, अशी विनंती करते.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
दक्षिण कसबा, सोलापूर