योद्धा संन्याशांच्या व्रताला किंमत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत काल्पनिक विश्वातील रोल-प्लेइंग खेळांची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळांची, ओळख करून देणारा लेख वाचला. फासे, कॅरॅक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद), डन्जन मास्टरचे (खेळ चालवणाऱ्याचे) काम या गोष्टी नवख्या वाचकाला समजतील अशा रीतीने त्यात सांगितल्या आहेत, याबद्दल लेखकाचे आभार. मात्र योद्धा संन्याशांच्या संघाविषयी त्यात जे विधान आहे, ते मला पटले नाही. संघाची व्रते आणि मानाच्या कल्पना ही पात्राची केवळ पार्श्वभूमी असते, खेळ सुरू झाल्यावर ती बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही, असा सल्ला लेखात दिला आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. व्रत बाजूला ठेवले की हाती उरतो तो चिलखत न घालणारा, चपळ असा एक लढवय्या. आणि तसे लढवय्ये या खेळांत पैशाला पासरी मिळतात.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या एका पुरवणी पुस्तिकेत माँक, म्हणजे योद्धा संन्यासी, हा पात्रांचा वर्ग दाखल झाला. १९७८ च्या प्रगत नियमावलीत या वर्गावर जी बंधने घातली होती, ती आज वाचणारा नवा खेळाडू हबकून जाईल. चिलखत नाही, ढाल नाही. जादुई शस्त्रे बाळगायची ती दोनच आणि इतर जादुई वस्तू तीनच. त्याहून विलक्षण होता तो बढतीचा नियम. सातव्या लेव्हलपर्यंत माँक इतरांसारखाच अनुभवाचे गुण जमवत वर चढत असे. आठव्या लेव्हलवर मात्र तीनच जागा होत्या आणि त्याच्या वर प्रत्येक लेव्हलवर केवळ एक. पुरेसे गुण जमले तरी आठवी लेव्हल तात्पुरतीच मिळे. ती कायम व्हायची असेल तर त्या जागेवर असलेल्या एखाद्या ज्येष्ठाला शोधून काढायचे, शस्त्र आणि जादू दोन्ही बाजूला ठेवून त्याच्याशी एकास एक असे नुसत्या हातांनी लढायचे, आणि हार झाली तर पुन्हा सातव्या लेव्हलच्या तळाशी जाऊन बसायचे. पुढच्या प्रत्येक बढतीला हेच. सर्वांत वर, सतराव्या लेव्हलवर, संघाचा एकमेव सर्वोच्च गुरू असे.

हा नियम निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. एक खेळाडू आपल्या गुरूबंधूला आव्हान द्यायला निघाला की बाकीच्यांनी हात चोळत बसायचे, ही त्यातली अडचण उघड आहे. पण त्या एका नियमामुळे संघ हा खरोखरीचा संघ वाटत असे. आपल्या वरच्या जागेवर कोण आहे, तो कोठे राहतो, त्याला आव्हान देताना त्याचा मान कसा राखायचा, आणि त्याला हरवल्यानंतर त्याच्याच शिष्यांच्या पंगतीत जाऊन कसे बसायचे, हे प्रश्न खेळाडूला टाळताच येत नसत.

पुढे ही बंधने सैल होत गेली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत माँकचे अलाइनमेंट (नैतिक कल) नियमनिष्ठच असले पाहिजे अशी अट होती; ती सुटली तर मिळवलेल्या क्षमता टिकत, पण माँक म्हणून पुढची लेव्हल मिळत नसे. मध्येच दुसऱ्या वर्गाची लेव्हल घेणाऱ्यालाही परतीचे दार बंद होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत या दोन्ही अटी गेल्या होत्या. त्या गेल्याचे मला दुःख नाही. नियमनिष्ठ म्हणजे कोणाच्या नियमाशी निष्ठ, राजाच्या की गुरूच्या की स्वतःच्या, यावर तासन् तास वाद घालूनही एकमत होत नसे, आणि असल्या धूसर अटीने कोणाचाही बाणा सिद्ध होत नाही. दुःख आहे ते याचे, की तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही. क्षमता वाढल्या, संप्रदायांचे प्रकार वाढले. व्रत मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले गेले.

मानाला बांधलेला संघ कसा रचावा हे पाहायचे असेल, तर इतिहासातील अशा संघांच्या नियमांकडे पाहावे. युरोपातील टेम्पलर सरदारांच्या संघाला ११२९ साली त्र्वा येथील धर्मसभेत लिखित नियम मिळाले आणि पुढे त्यांत भर पडत गेली. त्यांत ‘शूर असावे, सत्याने वागावे’ अशी मोघम वचने आहेतच, पण लक्षात राहतात ती बारीकसारीक कलमे. शिकारीला बंदी, अपवाद फक्त सिंहाचा. निशाण उभे असेपर्यंत रणांगण सोडायचे नाही. गढीतून बाहेर पडायचे ते ठरलेल्या दरवाजानेच. दुसऱ्या वाटेने बाहेर पडणे हा संघातून कायमचे काढून टाकण्याजोगा अपराध. त्याहून हलक्या अपराधांना संघाचा झगा काढून घेण्याची शिक्षा होती, आणि ती वर्ष व एक दिवस इतकी लांबू शकत असे. त्या काळात अपराध्याने नोकरांच्या बरोबरीने राबायचे आणि जेवायला सर्वांच्या देखत जमिनीवर बसायचे. खेळ चालवणाऱ्याला यात केवढी सामग्री आहे! तुमच्या पात्राचा झगा काढून घेतला आहे, त्याची लढण्याची ताकद तसूभरही कमी झालेली नाही, पण ज्या मठात तो कालपर्यंत मानाने वावरला, तिथे आज त्याला जमिनीवर बसून जेवायचे आहे. या प्रसंगाला एकही फासा लागत नाही.

माझा मुद्दा इथे स्पष्ट करतो. व्रत असे असावे की ते पाळले की मोडले हे खेळाला बसलेल्या प्रत्येकाला दिसेल, आणि ते पाळण्याची काहीतरी किंमत मोजावी लागेल. ‘मी मानाने वागतो’ हे व्रत नव्हे. ‘शस्त्र टाकलेल्यावर मी हात उचलणार नाही’ हे व्रत आहे.

आमच्या गटातील एका खेळाडूने नेमके हेच व्रत घेतलेली संन्यासिनी उभी केली होती. एका पुलावर वाटमाऱ्यांशी लढाई झाली, त्यांचा म्होरक्या एकटा उरला आणि त्याने कुऱ्हाड खाली टाकली. बाकी मंडळींना तो जिवंत नको होता, कारण ज्या गढीवर ते निघाले होते तिथल्या लोकांशी त्याचे लागेबांधे होते. ती त्याच्या आणि सोबत्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. जादूगाराचा अग्निमंत्र तयार होता, त्यासाठी लागणारे फासे त्याच्या खेळाडूच्या मुठीत होते, आणि बराच वेळ ते मुठीतच राहिले. शेवटी म्होरक्याला बांधून बरोबर घेतले. तिसऱ्या रात्री तो निसटला आणि गढीचे दरवाजे यांच्या तोंडावर बंद झाले. जो हल्ला सहज व्हायचा, तो जिकिरीचा झाला. डन्जन मास्टरने तिला ना बक्षीस दिले, ना शिक्षा केली. घडायचे ते घडू दिले. योद्ध्याचा खेळाडू पुढे कितीतरी दिवस कुरकुरत होता, पण त्या मोहिमेतल्या बाकीच्या लढाया विस्मरणात गेल्या असताना हा पूल सर्वांच्या लक्षात आहे.

यात डन्जन मास्टरवरही जबाबदारी येते, आणि आपल्या लेखकाने व्रते बाजूला ठेवायला सांगितले ते बहुधा या बाबतीतल्या कटू अनुभवांमुळे असावे. जुन्या नियमांत पॅलाडिनने, म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्ध्याने, आपली निष्ठा मोडली की त्याच्या दैवी शक्ती काढून घेतल्या जात, आणि काही डन्जन मास्टरांना याचा असा चस्का लागला, की पॅलाडिन दिसला रे दिसला की त्याच्यापुढे दोन्हीकडून पापच पदरी पडेल असा पेच टाकायचा. हा खेळ नव्हे, सापळा आहे. यावर उपाय व्रत रद्द करणे हा नसून, मोडलेल्या व्रताची वाट प्रायश्चित्ताकडे वळवणे हा आहे. शक्ती काढून घेतली तर खेळाडू पुढच्या लढाईत निरुपयोगी होऊन रुसून बसतो. प्रायश्चित्त दिले तर त्याला करायला काहीतरी मिळते. आणि व्रते कोणती, त्यांचा अर्थ काय, मोडल्यास काय, हे पहिल्या बैठकीतच सर्वांनी मिळून ठरवून कागदावर लिहून ठेवले, तर अर्ध्याहून अधिक भांडणे उद्भवतच नाहीत.

मानाचा आकडा ठेवण्याची युक्तीही होऊन गेली आहे. २०१४ च्या डन्जन मास्टरसाठीच्या नियमपुस्तकात, ज्यांना हवा त्यांच्यासाठी, मान हा पात्राच्या ताकद, चपळाई अशा नेहमीच्या सहा गुणांहून वेगळा असा एक जादा गुण दिलेला आहे. मला ही पद्धत रुचत नाही. नुसता आकडा असला की मान हा बँकेतल्या शिलकीसारखा होतो, इथे जमा करावा आणि तिथे खर्चावा. याउलट ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ सालच्या ‘पेन्ड्रॅगन’ या सरदारांच्या खेळातली रचना अधिक खोल आहे. तिथे स्वभावगुणांच्या १३ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया वाढली की तितकेच क्रौर्य घटते. एखादा गुण १६ किंवा त्याहून वर गेला की त्याबद्दल पात्राची कीर्ती होते, पण त्याच वेळी तो गुण पात्रावर स्वार होऊ शकतो आणि ऐन प्रसंगी फासा टाकून पाहावे लागते, की दयाळू म्हणून गाजलेल्या या सरदाराला आज कठोर होता येईल का. खेळ सरदारांचा असला तरी संन्याशांच्या संघाला ही रचना जशीच्या तशी लागू पडेल.

आणखी एक गोष्ट, जी अशा लेखांत हमखास सुटते. योद्धा संन्यासी म्हटले की डोंगरमाथ्यावरचा मठ, शांत चेहऱ्याचा वृद्ध गुरू आणि जगाशी काही देणेघेणे नसलेले शिष्य, एवढेच चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात असे संघ जगात पुरते गुंतलेले होते. चीनमधील शाओलिनच्या भिक्षूंनी ६२१ साली, पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने शस्त्र धरले, तेव्हा त्याने पुढे मठाला जमीन आणि पाणचक्की दिली, आणि ७२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. जपानमधील क्योतोजवळच्या हिएई पर्वतावरचे भिक्षू पवित्र पालख्या खांद्यावर घेऊन राजधानीत उतरत आणि दरबाराला वेठीस धरत. कामो नदीचे पाणी, फाशांचे दान आणि डोंगरावरचे भिक्षू या तीन गोष्टी आपल्या ताब्यात नाहीत, असे निवृत्त सम्राट शिराकावा म्हणाला होता म्हणतात. फाशांवर चालणाऱ्या या खेळाला याहून चपखल दाखला मला तरी सुचत नाही. पानिपतावर १७६१ साली शुजाउद्दौल्याच्या फौजेत असलेले अनूपगिरी गोसावी पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी राहिले आणि १८०३ मध्ये इंग्रजांना जाऊन मिळाले. धनी बदलत गेले, तरी गोसाव्यांची त्यांची फौज त्यांच्याबरोबरच राहिली.

म्हणून संघ रचताना तो कोणाच्या शब्दाला बांधलेला आहे, हे आधी ठरवावे लागते. गुरूला, देवतेला, राजाला, की एकमेकांना? आणि हे शब्द परस्परांच्या आड आले तर कोणता पाळायचा? गुरूने सांगितले पूल जाळा, आणि पुलापलीकडच्या गावाला संघाने कालच अभय दिले आहे, अशा प्रसंगी संन्याशी काय करतो, हे पाहण्यासाठीच तर आम्ही खेळायला बसतो.

एका खेळाडूच्या व्रतापायी इतरांची मजा जाते, हा आक्षेप मी ऐकून आहे. व्रत स्वतःवर घालून घेतलेले असेल, सोबत्यांवर लादलेले नसेल, तर तो फारसा टिकत नाही.

लेखमालेच्या पुढच्या भागात पात्र कसे रचावे याची माहिती येणार आहे असे दिसते. त्यात संन्याशी योद्ध्याचा नमुना देताना गुणांचे आकडे आणि शस्त्रांची यादी यांच्या जोडीला त्याच्या संघाची निदान तीन व्रते, ती मोडल्यास घ्यायचे प्रायश्चित्त आणि ते देण्याचा अधिकार असलेला ज्येष्ठ, एवढे छापावे, ही विनंती. त्यासाठी चार ओळींची जागा पुरेल.

आपला विश्वासू,
एक वाचक