पूर्वी 90 पावलं, आता 412

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या गुरुवारी सकाळी माझी पत्नी पुण्यातल्या सातारा रस्त्यावर पडली. उजवं मनगट मोडलं. वय 67, गुडघे आधीच बोलायला लागलेले. बसथांब्याकडे निघाली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला थांबा पाच महिन्यांपूर्वी कुठल्याशा कामासाठी पुढे सरकवला. ‘पंधरा दिवसांत परत जागेवर आणतो काका,’ असं तिथल्या साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मी पावलं मोजली आहेत. पूर्वी 90 होती, आता 412 आहेत. वाटेत एक विजेची डीपी, एक उघडं चेंबर, चार दुचाक्या आणि दात पडल्यासारखे पेव्हर ब्लॉक. ती पडली ते 300 च्या आसपास.

बसथांब्यासाठी मंत्र्यांना कशाला पत्र, असं आपले सचिव म्हणतील. सांगतो. आमच्याच रस्त्याखालून आपण मेट्रो नेत आहात, आणि थांबा कुठे असावा हे ठरवणारी माणसं तिथेही त्याच जातकुळीतली दिसतात.

स्वारगेट ते कात्रज 5.46 किलोमीटर. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा खर्च होता 2,954 कोटी आणि स्थानकं होती तीन: मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. भागाकार करा. सरासरी 1.8 किलोमीटरला एक. बालाजीनगर, बिबवेवाडी, सहकारनगर, धनकवडी, एवढी वस्ती डोक्यावर घेऊन गाडी खालून निघून जाणार आणि आम्ही वरून तिचा आवाज ऐकणार! मेट्रोच्या वनाज ते रामवाडी मार्गाला मात्र 16 स्थानकं, साधारण किलोमीटरभराला एक. तिकडे डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानकं तर एकमेकांना हात करतील इतकी जवळ. तिकडच्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही, माझी धाकटी बहीण तिकडेच राहते. पण पाय त्यांनाही दोन आणि आम्हालाही दोनच.

मग लोकांनी ओरडा केला, निवेदनं दिली, आणि 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी दोन स्थानकांना मान्यता दिली. कात्रजचं स्थानक जरा दक्षिणेला सरकवण्यासह 683 कोटी. लगेच चौकाचौकात अभिनंदनाचे फ्लेक्स. अहो, अभिनंदन कशाचं? जे पहिल्याच नकाशात असायला हवं होतं ते वगळलं, मग दिलं, आणि दिल्याबद्दल हारही घालून घेतले. आमच्याकडे याला पंगतीत आधी पान उचलायचं आणि मग आग्रह करून वाढायचं असं म्हणतात.

जास्त थांबे दिले तर गाडी हळू होते, हे मला कळतं. एका सभेत एका अभियंत्याने ते नीट समजावलं होतं आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भुयारी स्थानक स्वस्तात होत नाही हेही मान्य. पण हिशेब पूर्ण करा. गाडी थांबणार, दारं उघडणार, पुन्हा वेग घेणार, यात एका थांब्याला फार तर मिनिटभर जातं. दोन थांबे वाढले तर दोन मिनिटं. स्थानक एक किलोमीटर लांब गेलं तर माझ्या बायकोची पंचवीस मिनिटं जातात, तीही रस्ता ओलांडायला मिळाला तर. गाडीची दोन मिनिटं तुमच्या अहवालात येतात. हिची पंचवीस कुठल्या रकान्यात लिहिता?

आणि अंतर फक्त आडवं नसतं. जिल्हा न्यायालयाचं स्थानक जमिनीखाली 33 मीटर आहे. तिथे एखादा सरकता जिना बंद दिसला की म्हातारा माणूस आधी देवाचं नाव घेतो. म्हणजे घरापासून दारापर्यंत, दारापासून फलाटापर्यंत, वर रस्त्याची दुसरी बाजू, एवढं सगळं धरलं की ते खरं अंतर. नकाशावरच्या दोन ठिपक्यांमध्ये पट्टी ठेवून ते निघत नाही.

आम्ही या बाबतीत जुने खेळाडू आहोत. डिसेंबर 2006 मध्ये याच रस्त्यावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली वेगळी मार्गिका, आली. देशात पहिली म्हणून केवढं कौतुक! थांबे कुठे, तर रस्त्याच्या मध्ये. बस पकडायला आधी वाहनांच्या लोंढ्यातून जिवंत मधोमध पोहोचा. मग ते उखडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा उखडलं. मी तेव्हा नोकरीत होतो, पळत जायचो. आता पळता येत नाही एवढाच काय तो फरक.

26 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंतच्या मेट्रोचं उद्घाटन होतं. मुसळधार पाऊस झाला म्हणून कार्यक्रम रद्द झाला आणि तीन दिवसांनी दूरस्थ पद्धतीने उरकला. बरोबरच आहे, पावसात पाहुण्यांचे हाल कशाला. आमचा कार्यक्रम मात्र पावसाने रद्द होत नाही. गुडघाभर पाण्यातून 412 पावलं, आणि दूरस्थ पद्धतीने बसमध्ये बसण्याची सोय अजून निघालेली नाही.

हे सांगायचं तरी कोणाला? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत प्रशासकच होता. वॉर्डात विचारलं तर ‘वरून आलंय’. वर विचारलं तर ‘स्थानिक पातळीवर बघा’. बसवाले रस्तेवाल्यांकडे बोट दाखवतात, रस्तेवाले मेट्रोच्या कामाकडे, आणि मेट्रोच्या पत्र्यावर लिहिलेलं असतं: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’. पत्र्याला दिलगिरी आहे, माणसाला नाही. कर मात्र एकाच खिडकीवर भरतो आम्ही, तिथे कोणी म्हणत नाही की पुढच्या टेबलावर जा.

मागण्या लिहायच्या राहूनच जात होत्या. आमचा बसथांबा गल्लीच्या तोंडाशी परत आणा. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला सातारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारं आणि दोन्हीकडे लिफ्ट द्या, एकीकडे लिफ्ट आणि दुसरीकडे 80 पायऱ्या असला प्रकार नको. आणि नव्या दोन स्थानकांच्या जागा शेवटच्या क्षणी एखाद्या मोकळ्या भूखंडाच्या सोयीने सरकवू नका. फेब्रुवारी 2029 ही तारीख तुमच्याच कागदावरची आहे. तोवर हिचं मनगट जुळेल. गुडघ्यांचं सांगता येत नाही.

आपला,
बालाजीनगरातला एक निवृत्त कारकून

ता. क. हे पत्र टाकायला कोपऱ्यावर गेलो, तर टपालपेटीही तिथून उचललेली आहे. पोस्टात जाऊन देतो.